‘फॉरमॅट करा’ म्हणणाऱ्या हार्ड डिस्कचं काय करायचं

डिस्क लावली आणि विंडोजने पाटी दाखवली: ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणं असतात. ‘कॅन्सल’ दाबा, डिस्क काढा आणि बाजूला ठेवा. पुढचं मग सावकाश वाचा. बंद पडून राहिलेल्या डिस्कमधलं काही तासाभरात बिघडत नाही. बिघडतं ते चुकीचं बटण दाबल्यावर.

मी सोलापुरात नवी पेठेजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. माझ्याकडे येणाऱ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्क बहुतेक तीन प्रकारच्या माणसांच्या असतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचे डिझाइन मास्तर, लग्नाचे फोटोग्राफर आणि हिशेबाची कामं करणारे. तिघांच्याही डिस्कमध्ये जे असतं ते बाजारात परत मिळत नाही. ‘ताई, डिस्क उघडंना झालीय बघा,’ म्हणत माणूस दारात उभा राहतो तेव्हा त्याचा चेहरा बघवत नाही. त्याहून जास्त वाईट वाटतं ते याचं, की यातल्या कितीतरी डिस्कमधला माल मूळ बिघाडाने गेलेला नसतो, नंतरच्या घाईच्या उपायांनी गेलेला असतो. हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

बिघडतं काय

फाइल सिस्टिम ही डिस्कवरची नोंदवही. गोदामात चादरींचे गठ्ठे जागच्या जागी असतात. कुठल्या रांगेत कुठला गठ्ठा हे लिहिलेली वही फाटली म्हणून गठ्ठे नाहीसे होत नाहीत. विंडोजला मात्र वहीशिवाय गोदाम दिसत नाही. वहीचं पहिलं पान गेलं की ते ‘फॉरमॅट करा’ म्हणतं. आतलं एखादं पान गेलं की ‘फाइल किंवा डिरेक्टरी करप्ट आहे, वाचता येत नाही’ म्हणतं. डिस्क मॅनेजमेंट (जोडलेल्या डिस्कांची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून पाहिलं तर ‘एनटीएफएस’ किंवा ‘एक्सफॅट’ या नोंदवहीच्या प्रकाराच्या नावाच्या जागी बऱ्याचदा ‘रॉ’ लिहिलेलं असतं.

हे होण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे लिहिणं चालू असताना डिस्क उपसणं किंवा लाईट जाणं. एनटीएफएसमध्ये बदल करण्याआधी त्या बदलाची टिपणी ठेवली जाते, त्यामुळे मध्येच खंड पडला तरी ती बऱ्याचदा सावरते. एक्सफॅटमध्ये अशी टिपणी नसते, आणि कुठली फाइल कुठल्या तुकड्यांत आहे हे सांगणाऱ्या तक्त्याची प्रतही सहसा एकच असते. फोटोग्राफर मंडळी मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालावी म्हणून एक्सफॅट घेतात, ते बरोबरच आहे. पण त्याच डिस्कवर लग्नाचा व्हिडिओ घेऊन पाहुण्यांकडे जायचं, टीव्हीला लावून बघायचा आणि तशीच ओढून काढायची, हे एक्सफॅटला फार काळ झेपत नाही.

दुसरा एक संदेश वेगळा ओळखा: ‘डेटा एरर, सायक्लिक रिडन्डन्सी चेक’. तो आला तर नोंदवहीपेक्षा डिस्कचा पृष्ठभाग किंवा केबल यांच्यावर संशय घ्यायचा. आणि ऑनलाइन फार स्वस्तात मिळालेली, डब्यावर १६ टीबी लिहिलेली डिस्क असेल, तर तिची खरी जागा त्याच्या कितीतरी कमी असण्याची शक्यता मोठी. ती जागा भरली की पुढचं लिहिलेलं कुठेच राहत नाही, आणि त्यातलं काही परतही आणता येत नाही. नवी डिस्क घेतल्यावर ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ हा फुकट प्रोग्रॅम चालवला की हा खोटेपणा उघड होतो.

आधी केबल आणि कान

खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्क सगळी वीज यूएसबीतूनच घेतात. यूएसबी २ चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. फिरायला सुरुवात करताना डिस्कला सगळ्यात जास्त वीज लागते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लांब केबल, मध्ये हब, असं असलं की डिस्क अर्धवट सुरू होते, बंद पडते, परत सुरू होते, आणि प्रत्येक झटक्यात नोंदवहीला धोका. म्हणून डिस्क थेट मागच्या पोर्टला लावा, हब काढा, केबल बदला. यूएसबी ३ च्या बऱ्याच डिस्कना रुंद, दोन भागांचा चपटा कनेक्टर असतो. तो ढिला पडणं ही रोजची तक्रार आहे. नव्या आखूड केबलने डिस्क जशीच्या तशी उघडलेली मी वारंवार पाहिलेली आहे.

लावल्यावर कान द्या. एकसारखी घरघर चांगली. टक, टक, टक असा ठोका येत असेल, किंवा डिस्क फिरायचा प्रयत्न करून थांबत असेल, तर घरचे सगळे उपाय तिथेच संपले. वीज काढा. ही डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या लॅबमध्येच उघडायची असते. तुम्हीही उघडू नका, मलाही उघडायला सांगू नका. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. आपल्याकडून डिस्क पुण्या-मुंबईला पाठवायची झाली तर शक्यतो कुणातरी जाणाऱ्या माणसाच्या हाती द्या, फोममध्ये गुंडाळून. हुतात्मा एक्स्प्रेसने मांडीवर ठेवून नेलेली डिस्क कुरियरच्या पोत्यातल्या डिस्कपेक्षा सुखरूप पोचते.

आवाज ठीक असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क पूर्ण आकाराची दिसते का ते बघा. तिथे ‘इनिशियलाइज’ करायला सांगणारी खिडकी आली तर तीही रद्द करा. डिस्कवर कुलूपाचं चित्र असेल तर ती बिटलॉकर या विंडोजच्या कुलूपाने बंद केलेली आहे. तिचा पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की शोधा, त्याशिवाय पुढे जाता येत नाही.

डिस्कची तब्येत

‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा फुकट प्रोग्रॅम डिस्कने स्वतःच ठेवलेल्या नोंदी दाखवतो. यादी मोठी असते, पण मी तीन ओळी आधी बघते: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, सी५ म्हणजे वाचताना अडणाऱ्या, निकाल न लागलेल्या जागा, सी६ म्हणजे दुरुस्त न होणाऱ्या. शेवटच्या रकान्यातले आकडे प्रोग्रॅम मुळात सोळाच्या पायावर दाखवतो, त्यामुळे ‘१०’ दिसलं तर ते सोळा असतं. सेटिंगमध्ये दहाच्या पायावर बदलून घ्या. सी५ शून्याच्या वर असेल तर ही डिस्क आजारी आहे असं मी धरते, वर ‘गुड’ लिहिलेलं असलं तरीही. काही यूएसबी डब्या या नोंदी पुढे पाठवतच नाहीत. तसं असेल तर डिस्क आजारी आहे असं समजूनच वागा.

दुरुस्तीच्या आधी नक्कल

विंडोजमध्ये डिस्क तपासायचा जो प्रोग्रॅम आहे, चेकडिस्क, त्याचं काम नोंदवही सुसंगत करणं हे आहे. तुमच्या फायली वाचवणं हे त्याचं काम नाही. एखादं फोल्डर त्याला नोंदीत बसवता आलं नाही तर तो ते तोडून टाकतो आणि वही स्वच्छ झाली म्हणून सांगतो. जिथे बदल करायचा तिथेच तो करतो, मागे फिरायची सोय नसते. ज्या डिस्कची दुसरी प्रत नाही तिच्यावर हा प्रोग्रॅम पहिल्याच मिनिटाला चालवणं याच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होताना मी पाहिलं नाही. इंटरनेटवरचा जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ मात्र तिथूनच सुरू होतो.

फोल्डर उघडत असतील तर आधी हवं ते उचला. सगळं नको, जे परत मिळणार नाही तेच आधी. हिशेबवाल्यांनी टॅलीचं डेटा फोल्डर विसरू नये. कंपनीचं फोल्डर नुसत्या आकड्यांच्या नावाचं असतं, त्यामुळे घाईत ते कचरा समजून सुटतं. माऊसने ओढून कॉपी केली तर एका अडलेल्या फाइलीवर सगळं थांबतं, म्हणून मी रोबोकॉपी वापरते. फोनवर गिऱ्हाइकाला सांगते तसंच इथे लिहिते, टाइप करताना इंग्रजी अक्षरं घ्या. कमांड प्रॉम्प्टमध्ये आर-ओ-बी-ओ-सी-ओ-पी-वाय, मग जागा सोडून आजारी डिस्कचा मार्ग, जागा सोडून नव्या डिस्कचा मार्ग, त्यानंतर तिरकी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि ई, तिरकी रेघ आणि आर कोलन १, तिरकी रेघ आणि डब्ल्यू कोलन १. शेवटच्या दोन गोष्टी गाळू नका. त्या नसतील तर अडलेली प्रत्येक फाइल हा प्रोग्रॅम दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून, परत वाचायला जातो. आजारी डिस्क तेवढ्यात मरते.

फोल्डर उघडत नसतील, किंवा सी५चा आकडा वाढत असेल, तर अख्ख्या डिस्कची बिट-न्-बिट नक्कल काढायची. त्यासाठी माझा भरवसा डीडीरेस्क्यूवर. हा लिनक्सवरचा प्रोग्रॅम (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स ही फुकट सिस्टिम), आणि उबुंटू हा लिनक्सचा प्रकार पेनड्राइव्हवरून सुरू करूनही चालतो. उबुंटूत त्याच्या पॅकेजचं नाव मात्र ‘जी-डीडीरेस्क्यू’ असं आहे. त्याची खुबी ही, की तो सोपा भाग आधी वाचून घेतो, अडणारा भाग शेवटी ठेवतो, आणि कुठपर्यंत आलो याचा नकाशा फाइलीत लिहीत जातो. लाईट गेली, केबल निसटली, तरी तोच नकाशा देऊन तिथूनच पुढे जाता येतं. पहिल्या फेरीत ‘उणे एन’ लावा, म्हणजे तो खराब जागा खरवडत बसत नाही. दुसऱ्या फेरीत ‘उणे आर ३’. आधी मूळ डिस्क लिहायची, मग नक्कल, मग नकाशा. हा क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. म्हणून एंटर दाबण्याआधी ‘एलएसबीएलके’ चालवून कुठल्या नावाची डिस्क किती मोठी आहे ते कागदावर लिहून घ्या. मी आजही लिहिते. नक्कल ठेवायची डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी, आणि ती फॅट३२ या जुन्या प्रकारात फॉरमॅट केलेली नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

वेळ लागणार. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने १ टीबी उतरवायला पावणेतीन-तीन तास, आणि यूएसबी २ वर आठ-नऊ तासही. डिस्क अडखळत असेल तर दिवस. आणि इथे सोलापूरचा उन्हाळा आडवा येतो. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात वापरासाठी ५ ते ३५ अंश तापमान लिहिलेलं असतं. आपल्याकडे वैशाखात सावलीतच चाळिशी ओलांडते, त्यात पत्र्याची खोली आणि लग्नसराई. त्या दिवसांत लांबलचक नक्कल मी रात्री लावते, डिस्क फरशीवर सपाट ठेवून, वरचं पाऊच काढून, पंखा अंगावर सोडून. डिस्कचं तापमान विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये, लिनक्सवर ‘स्मार्टसीटीएल’ने दिसतं, ५० च्या वर चढायला लागलं की थांबवते आणि थंड होऊ देते. काम शक्यतो लॅपटॉपवर करा, लाईट गेली तरी बॅटरी असते. वेगळा अडॅप्टर लागणारी मोठी डिस्क असेल तर ती आणि कॉम्प्युटर दोन्ही यूपीएसवर हवेत.

आता चेकडिस्क

नक्कल हाती आली, किंवा हवं ते सगळं दुसरीकडे उतरलं, आणि डिस्कची तब्येत चांगली आहे, तरच पुढचं. सी-एच-के-डी-एस-के, जागा, ई आणि कोलन. ‘ई’च्या जागी तुमच्या डिस्कचं अक्षर. पुढे काही न लावता चालवलं तर तो फक्त बघतो, काही बदलत नाही. तो काय म्हणतो ते वाचा. किरकोळ चुका असतील तर तीच आज्ञा तिरकी रेघ आणि एफ लावून. डिस्क वापरात आहे, जबरदस्तीने सोडवू का असं विचारलं तर उघड्या फायली बंद करून वाय द्या. तिरकी रेघ आणि आर लावायचा मोह नको. त्यात तो सगळी डिस्क जागा-न्-जागा वाचतो, आणि आजारी डिस्कला तेच सोसत नाही.

नंतर फायली दिसत नसतील तर लपलेली फोल्डर आणि सिस्टिमच्या संरक्षित फायली दाखवायची सेटिंगं चालू करून ‘फाउंड’ने सुरू होणाऱ्या नावाचं फोल्डर बघा. जे नोंदीत बसलं नाही त्यातलं काही तिथे पडलेलं असतं, कधी अख्खी फोल्डर, कधी ‘सीएचके’ शेपटीच्या (एक्स्टेन्शनच्या) अनोळखी फायली. फाइल फोटोची होती हे ठाऊक असेल तर शेपटी बदलून उघडून पाहता येते.

लिनक्सवर ‘एनटीएफएसफिक्स’ नावाची आज्ञा आहे, तिला चेकडिस्कचा पर्याय समजू नका. ती थोडंसं सावरते आणि पुढची तपासणी विंडोजवर सोपवते. मॅकवाल्यांसाठी डिस्क युटिलिटीतलं ‘फर्स्ट एड’. त्यालाही नियम तोच, आधी नक्कल.

‘रॉ’ झालेली डिस्क

इथे चेकडिस्क हात टेकतो, रॉ डिस्कवर मी चालत नाही असं सरळ सांगतो. मग टेस्टडिस्क. फुकट आहे, काळ्या पडद्यावर चालतो, दिसायला रुक्ष, पण याच्याइतका प्रामाणिक प्रोग्रॅम थोडा. तो मूळ डिस्कवर नको, डीडीरेस्क्यूने काढलेल्या नकलेवर चालवा.

बिघाड फक्त पहिल्या पानाचा असेल तर आशा भरपूर. कारण त्या पानाची राखीव प्रत डिस्कवरच असते: एनटीएफएसमध्ये विभागाच्या (पार्टिशनच्या) अगदी शेवटी, फॅट३२ मध्ये सहाव्या सेक्टरला (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा लहान कप्पा), एक्सफॅटमध्ये बाराव्यापासून पुढे. टेस्टडिस्कमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, मग ‘बूट’ या वाटेने गेलं की दोन्ही पानं जुळतात का ते तो सांगतो. राखीव प्रत चांगली आणि मूळ खराब असेल तर ‘बॅकअप बीएस’ निवडायचं. विभागच नाहीसा झाला असेल तर ‘अ‍ॅनालाइज’ आणि ‘क्विक सर्च’. सापडलेल्या विभागावर पी दाबलं की आतल्या फायलींची नावं दिसतात. नावं नीट दिसली तर डिस्कवर काही लिहायला जाऊच नका. फायली निवडून कॅपिटल सी दाबा आणि दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.

शेवटचा उपाय फोटोरेक. हा टेस्टडिस्कबरोबरच येतो. तो नोंदवहीकडे बघतच नाही, डिस्कवरचा मजकूर वाचत जातो आणि फाइलीच्या सुरुवातीच्या खुणेवरून तिला ओळखतो. कॅमेऱ्याचे फोटो, अगदी कॅमेऱ्याच्या कच्च्या ‘रॉ’ स्वरूपातलेही (हे ‘रॉ’ डिस्कवरच्या ‘रॉ’पेक्षा वेगळं), छान निघतात. मोठे व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांत साठवलेले असतील तर अर्धवट निघतात. आणि नावं, फोल्डर, तारखांची मांडणी सगळी जाते.

हे शेवटचं वाक्य कागदावर लहान वाटतं. एका टॉवेल कारखान्याच्या डिझाइन मास्तरांची डिस्क माझ्याकडे आली तेव्हा ती आधीच कुणीतरी फॉरमॅट करून तिच्यावर सिनेमे भरले होते. जॅकार्डच्या (विणतानाच नक्षी उठवणाऱ्या मागाच्या) डिझाइनच्या बीएमपी चित्रांच्या फायली फोटोरेकने पुष्कळ काढून दिल्या. पण फाइलीचं नाव म्हणजेच डिझाइन नंबर, आणि नाव एकाचंही नाही. मास्तर आणि त्यांचा मुलगा जुन्या टॉवेलांचे नमुने घेऊन दुकानात बसायचे, पडद्यावरची वेलबुट्टी आणि हातातला कपडा ताडून बघायचे. ज्या फायली लूमसाठी खास स्वरूपात बदलून ठेवल्या होत्या, त्या आल्या नाहीत, कारण त्यांची खूण फोटोरेकच्या यादीत नव्हती. अशा फायली तुमच्याकडे असतील तर एक गोष्ट आजच करता येते. चांगल्या स्थितीतल्या दोन-चार फायली वेगळ्या जपून ठेवा. त्यांच्या सुरुवातीला समान खूण असेल तर ती फोटोरेकला शिकवता येते, त्याची सोय त्यात आहे.

एक ध्यानात असू द्या: डिस्क एसएसडी (आत काही न फिरणारी) असेल तर ‘क्विक फॉरमॅट’सुद्धा बऱ्याचदा अखेरचं ठरतं, रिकामी झालेली जागा ती स्वतःच पुसून टाकते. तिच्या बाबतीत पहिल्या पाटीला ‘कॅन्सल’ म्हणणं फिरत्या डिस्कपेक्षाही महत्त्वाचं.

सुटल्यानंतर

परत आलेल्या फायलींची फक्त संख्या बघून समाधान मानू नका. सगळ्यात मोठा व्हिडिओ मध्यापासून आणि शेवटून चालवा, फोटो पूर्ण आकारात उघडा, टॅलीची कंपनी प्रत्यक्ष लोड करा. हे होईपर्यंत जुन्या डिस्कवर ‘यावर लिहू नये’ असा कागद चिकटवून ती कपाटात ठेवा.

आजारी ठरलेली डिस्क परत कामाला घेऊ नका, सिनेमे ठेवायलाही नको. चांगली ठरलेली असेल तर ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, म्हणजे सगळी जागा तपासली जाते. मॅक वापरात नसेल तर एनटीएफएस घ्या. टीव्हीवर व्हिडिओ दाखवायला वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, कामाची डिस्क टीव्हीला लावूच नका. काही टीव्ही रेकॉर्डिंगसाठी डिस्क फॉरमॅट करायला विचारतात, आणि रिमोट पोरांच्या हातात असतो.

विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे सेटिंग आपोआप असतं, म्हणून ‘सेफली रिमूव्ह’ची गरज नाही असं पुष्कळजण सांगतात. कॉपी चालू असताना उपसलेल्या डिस्कला हे सेटिंग वाचवत नाही. आणि कुणी वेग वाढवायला ते बदलून ठेवलं असेल तर तुम्हाला कळणारही नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉलिसीज: तिथे काय निवडलंय ते एकदा बघून घ्या, आणि ‘सेफली रिमूव्ह’ तरीही दाबत जा.